एएसएल प्रकल्प: मेंदूच्या रक्तप्रवाहाचे नकाशे सुधारण्याच्या नोंदी

६ जानेवारी

कामाला आजपासून रीतसर सुरुवात. आमच्या ३ टेस्लाच्या एमआरआयवर एएसएल, म्हणजे आर्टेरिअल स्पिन लेबलिंग, बऱ्याच काळापासून चालू आहे. स्कॅन होतो, रक्तप्रवाहाचा रंगीत नकाशा तयार होतो, पॅक्सवर, म्हणजे हॉस्पिटलच्या चित्रसाठ्यावर, चढतो. रिपोर्टमध्ये मात्र त्याचा उल्लेख क्वचितच येतो. रेडिऑलॉजीच्या मॅडमना विचारलं, तर त्यांनी सरळ सांगितलं, "अगं, त्या ठिपक्यांवर विसंबून मी काय लिहू? बघते आणि पुढे जाते."

तेच ध्येय धरलं आहे. मॅडमनी या नकाशावरून रिपोर्टमध्ये एक वाक्य निर्धास्तपणे लिहावं.

नव्या ज्युनिअरसाठी पद्धत एकदा लिहून ठेवते. मानेतून वर चाललेल्या रक्तातल्या पाण्याच्या प्रोटॉनचं चुंबकत्व रेडिओलहरींनी उलटं करायचं. हे लेबल लागलेलं रक्त मेंदूच्या पेशीजालात पोचेपर्यंत थांबायचं आणि चित्र घ्यायचं. मग लेबल न लावता तसंच दुसरं चित्र घ्यायचं, ते कंट्रोल. दोन्हींची वजाबाकी केली की उरतं ते नव्याने आलेलं रक्त. शिरेत सुई नाही, गॅडोलिनियम (चित्र उजळ करणारं औषध) नाही, किरणोत्सर्ग नाही. किडनी अधू असलेले, लहान मुलं, दर काही महिन्यांनी तपासणीला यावं लागणारे, या सगळ्यांना सोयीचं. १९९२ मध्ये जॉन डेट्रे, डोनाल्ड विल्यम्स, अ‍ॅलन कोरेत्स्की आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूवर हे करून दाखवलं.

अडचण अशी की ही वजाबाकी मूळ सिग्नलच्या जेमतेम १ टक्का भरते. बाकीचे ९९ टक्के दोन्ही चित्रांत तंतोतंत सारखे असतील, तरच हा १ टक्का हाती लागतो. पेशंटने मध्येच आवंढा गिळला, मान किंचित कलली, की त्या ९९ मधला फरकच १ पेक्षा मोठा होतो. आमच्या नकाशांवरच्या ठिपक्यांचं मूळ इथे आहे.

९ जानेवारी

प्रोटोकॉलची छपाई काढून टेबलावर पसरली. २०१५ मध्ये या क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी मिळून ज्या शिफारशी छापल्या, त्यांच्याशी ओळीओळीने ताडून बघितलं.

लेबलिंगची पद्धत बरोबर आहे: स्यूडो-कंटिन्युअस, म्हणजे छोट्या पल्सची सलग माळ लावून केलेली, कालावधी १८०० मिलिसेकंद. पण लेबल संपल्यापासून चित्र घेईपर्यंतची थांबण्याची वेळ, ज्याला आम्ही पीएलडी म्हणतो, ती सगळ्यांना सरसकट १५०० ठेवलेली आहे. शिफारशीत १५०० आहे ते लहान मुलांसाठी. सत्तरीच्या आतल्या निरोगी माणसाला १८००. सत्तरीपुढच्यांना आणि आजारी म्हणून आलेल्या कुठल्याही प्रौढाला २०००.

वेळ वाढवायची तर किंमत मोजावी लागते. लेबल कायम टिकत नाही. ३ टेस्लावर रक्ताचा टी-१, म्हणजे चुंबकत्व किती वेगाने सावरतं हे सांगणारा काळ, साधारण १६५० मिलिसेकंद, म्हणजे १५०० थांबलं तर लेबलचा ४० टक्के भाग शिल्लक राहतो, २००० थांबलं तर ३० टक्के, २५०० ला २२ टक्के. दीड टेस्लाच्या जुन्या मशीनवर टी-१ १३५० च्या आसपास, तिथे २००० ला २३ टक्केच उरतो.

मग १५०० वर राहावं, सिग्नल तरी जास्त मिळेल, असा मोह होतो. पण आमच्याकडे येणारे बहुतेक जण साठी ओलांडलेले, मधुमेह-बीपीचे, मानेतल्या धमन्या चिंचोळ्या झालेले. त्यांचं रक्त वाटेत रेंगाळतं. साताऱ्याहून येणारे प्रवासी मोजायला स्वारगेटला उभं राहावं आणि एसटी अजून खंबाटकी घाटातच असावी, तसं ते होतं. प्रवासी कमी नसतात, मोजणाराच लवकर आलेला असतो. नकाशावर मात्र तो भाग काळा दिसतो आणि वाचणाऱ्याला वाटतं की रक्तपुरवठाच नाही.

प्रौढांसाठी २००० कायम केलं. सिग्नल घटेल, तो दुसरीकडून भरून काढायचा.

१३ जानेवारी

आकडे प्रमाणाबाहेर का येतात, याचा छडा लागला. निरोगी प्रौढाच्या ग्रे मॅटरमध्ये (मेंदूच्या पेशींनी भरलेल्या करड्या भागात) रक्तप्रवाह मिनिटाला १०० ग्रॅममागे साधारण ४० ते १०० मिलिलिटर अपेक्षित असतो. आमचे आकडे सातत्याने वरच्या टोकाला जात होते, आणि त्यात वयाचा काही संबंध दिसत नव्हता.

वजाबाकीला मिलिलिटरमध्ये बदलायचं तर एक संदर्भचित्र लागतं, एम-शून्य. ते घेताना चुंबकत्व पूर्ण सावरलेलं असावं लागतं, म्हणून दोन चित्रांमधला वेळ किमान ५ सेकंद हवा. आमच्या प्रोटोकॉलमध्ये वेळ वाचवण्यासाठी तो २ सेकंद ठेवलेला आहे. ग्रे मॅटरचा टी-१ १.३ सेकंद धरला, तर २ सेकंदांत चुंबकत्व ७८ टक्क्यांपर्यंतच सावरतं. भागाकारात खालचा आकडा लहान झाला की उत्तर फुगणारच, आणि ते फुगतं जवळपास २७ टक्क्यांनी. ५ सेकंदांना सावरणं ९८ टक्क्यांवर जातं.

जुन्या स्कॅनसाठी गणिती दुरुस्ती कोडमध्ये घातली. नव्यांसाठी एम-शून्य वेगळं, लांब अंतराचं घ्यायचं. अर्ध्या मिनिटाचा खर्च आहे.

१४ जानेवारी

संक्रांत. मशीनवर फक्त तातडीचे पेशंट. फायलींची नावं आणि फोल्डर बिड्स या मेंदूच्या चित्रांच्या फायली लावण्याच्या सर्वमान्य पद्धतीने लावून टाकले. एएसएलसाठीचे बिड्सचे नियम २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यातला सगळ्यात उपयोगी भाग म्हणजे प्रत्येक चित्रासमोर ते लेबल आहे, कंट्रोल आहे की एम-शून्य, हे लिहून ठेवणारी छोटी फाईल. क्रम उलटा धरला तर अख्खा मेंदू ऋण आकड्यांत जातो, आणि कोणी केवळ धन चिन्ह लावून तो सुधारला तर पुढे कळायला मार्ग राहत नाही. लेबलचा कालावधी आणि पीएलडी डायकॉम या मशीनच्या मूळ फाईलमधून रूपांतर करताना बऱ्याचदा गळून जातात. ते हाताने भरले.

२० जानेवारी

आज अर्धा दिवस कन्सोलवर दादांच्या शेजारी बसले होते. दादा आमचे सगळ्यात जुने टेक्निशियन. मला एक नकाशा कित्येक दिवस खटकत होता: डाव्या बाजूचा पुढचा-मधला मोठा पट्टा एकसारखा फिका, उजवी बाजू उत्तम. स्ट्रोकसारखी लक्षणं पेशंटला नव्हती आणि अँजिओग्राफीत डावी कॅरोटिड, म्हणजे मानेतून मेंदूकडे जाणारी मोठी धमनी, पूर्ण मोकळी होती.

दादांनी मानेचं अँजिओ स्क्रीनवर घेतलं आणि लेबलिंगच्या पातळीची रेघ त्यावर ओढली. डावी कॅरोटिड नेमकी त्याच जागी वळण घेऊन आडवी झाली होती. स्यूडो-कंटिन्युअस लेबलिंगमध्ये रक्त त्या पातळीला साधारण काटकोनात ओलांडून गेलं पाहिजे. धमनी पातळीला समांतर धावायला लागली की चुंबकत्व नीट उलटत नाही. लेबलच अर्धवट लागलं, म्हणून त्या धमनीच्या वाट्याचा अख्खा प्रदेश फिका. रक्त पोचत होतं.

हे ओळखायची खूण लिहून ठेवते, कारण रिपोर्ट करणाऱ्याला ती रोज लागेल. लेबलिंगचा दोष असेल तर फिकेपणाची सीमा धमनीच्या हद्दीशी जुळते, आतला पोत जसाच्या तसा राहतो, नुसती तीव्रता घटते. कडेला उशिरा आलेल्या रक्ताच्या चकाकत्या रेषा दिसत नाहीत. खरा अडथळा असेल तर त्या बहुधा दिसतात.

दादा मला म्हणाले, "मॅडम, आधी मानेचं झटपट अँजिओ काढतो आणि चारही धमन्या सरळ असतील तिथेच रेघ ठेवतो. एक मिनिट जाईल. नंतरची डोकेदुखी वाचेल." ज्यांचं अँजिओ काढता येणार नाही, त्यांच्यासाठी शिफारशीतली सर्वसाधारण जागा, मेंदूच्या मधल्या दोन ठरलेल्या खुणा जोडणाऱ्या एसी-पीसी रेषेच्या साधारण ८५ मिलिमीटर खाली. दातांत धातू असेल तर तेही कळवायचं ठरलं. धातूजवळ चुंबकीय क्षेत्र बिघडतं आणि लेबल तिथेही कच्चं पडतं.

२३ जानेवारी

हालचाल. वजाबाकीच्या चित्रात कवटीच्या कडेने पांढरी-काळी झालर दिसली की समजावं, डोकं हललं आहे.

सरासरी काढत राहणं हा नॉईज कमी करण्याचा जुना उपाय, पण नॉईज जोड्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने घटतो. निम्मा करायचा तर स्कॅन चौपट लांबवावा लागतो. चार मिनिटांचा सोळा मिनिटं केला, तर पाठ दुखणारा सत्तरीचा माणूस हलणारच, आणि जे कमावलं ते त्यातच जाईल.

त्यापेक्षा बॅकग्राउंड सप्रेशन नीट बसवलं तर फायदा मोठा. स्थिर पेशीजालाचा सिग्नल आधीच दाबून टाकला की ते ९९ टक्के मुळातच लहान होतात आणि हालचालीतून येणारा फरकही त्याबरोबर लहान होतो. त्यासाठीच्या प्रत्येक इन्व्हर्जन पल्सने (चुंबकत्व उलटवणाऱ्या लहरीने) लेबलचंही थोडं नुकसान होतं, म्हणून लेबलिंगच्या कार्यक्षमतेचा नेहमीचा ०.८५ हा आकडा तसाच न ठेवता पल्सच्या संख्येनुसार कमी धरायचा.

बिघडलेल्या जोड्या गाळण्यासाठी स्कोअर ही पद्धत लावून बघितली. सरासरीपासून ज्या जोडीमुळे विखुरणं वाढतं ती जोडी ती काढून टाकते. टू-डी, म्हणजे एकेक काप घेतलेल्या, डेटावर चांगली चालते. आमचा नवा प्रोटोकॉल थ्री-डी ग्रेझ, म्हणजे अख्खा मेंदू एकत्र टिपणारा, आहे, त्यात एक चित्र अनेक तुकड्यांत भरतं. एका तुकड्यात डोकं हललं तर अख्खं चित्र धूसर होतं, आणि गाळायला हातात मोजकीच चित्रं असतात. थ्री-डी पद्धतीत पेशंटला स्थिर ठेवणं हाच मोठा उपाय, असं माझं ठाम मत झालं आहे. कानाच्या दोन्ही बाजूंना फोम घट्ट बसवायचा, गुडघ्याखाली उशी द्यायची, आणि स्कॅन सुरू होण्याआधी इंटरकॉमवरून सांगायचं: "आजी, आता चार मिनिटं टकटक आवाज येईल. डोळे मिटून पडून राहा, गिळायचं असेल तर आत्ताच गिळून घ्या." दादा हे ज्या शांतपणे सांगतात, तसं सांगितलेल्या पेशंटचे नकाशे वेगळे ओळखू येतात.

२७ जानेवारी

चहा. पुन्हा तपासणीला आलेल्या काही जणांच्या दोन नकाशांत अख्ख्या मेंदूचा फरक दिसतो, कुठल्या एका भागाचा नव्हे. कॅफिनने मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात. २०० ते २५० मिलिग्रॅम घेतलं तर रक्तप्रवाह साधारण २० ते ३० टक्के घटल्याचं वेगवेगळ्या अभ्यासांत आढळलं आहे. एका कप चहात तेवढं नसतं, पण रांगेत ताटकळत बाहेरच्या टपरीवर दोन-तीन कटिंग झाले की दुर्लक्ष करण्यासारखंही राहत नाही. स्कॅनच्या अर्जावर ओळ वाढवली: आज चहा-कॉफी घेतली का, किती वाजता. चहा बंद करायला सांगणार नाही, त्याने डोकं दुखेल ते वेगळंच. फक्त नोंद हवी, आणि दुसऱ्या खेपेला शक्यतो तसाच दिनक्रम.

३ फेब्रुवारी

हिमोग्लोबिनकडे लक्ष वेधायचं आहे, म्हणून ही नोंद सविस्तर.

सूत्रात रक्ताचा टी-१ सगळ्यांना १६५० धरतात. तो हिमॅटोक्रिटवर, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या प्रमाणावर, अवलंबून असतो. २००४ मध्ये हँझांग लू आणि सहकाऱ्यांनी ३ टेस्लावर मोजून दिलेला संबंध असा: टी-१ चा व्यस्त बरोबर ०.५२ गुणिले हिमॅटोक्रिट अधिक ०.३८, सेकंदांच्या हिशेबात. हिमॅटोक्रिट ०.४२ असेल तर टी-१ येतो १६७० च्या आसपास, म्हणजे गृहीत आकड्याला धरून. पण हिमोग्लोबिन ११ असलेल्या बाईचा हिमॅटोक्रिट ०.३३ च्या घरात असतो आणि तिचा टी-१ येतो १८१० च्या वर. तिचं लेबल जास्त टिकतं. आम्ही मात्र ते लवकर विझलं असं समजून उत्तर वाढवतो. १८०० चं लेबल आणि २००० ची थांबण्याची वेळ घालून गणित केलं, तर रक्तप्रवाह १६ टक्के जास्त दिसतो. हिमॅटोक्रिट ०.२८ पर्यंत उतरला असेल तर जवळपास २५ टक्के.

शिवाय रक्तक्षय असताना ऑक्सिजन पुरवण्यासाठी मेंदूचा रक्तप्रवाह खरोखरही वाढतो. खरी वाढ आणि गणिताची वाढ एकमेकींवर चढतात आणि वेगळ्या काढता येत नाहीत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त भारतीय बायकांना रक्तक्षय आढळला. बाहेरच्या निरोगी स्वयंसेवकांवर बसवलेला आकडा आमच्या पेशंटना तसाच लावणं मला पटत नाही. बायकांचा रक्तप्रवाह पुरुषांपेक्षा जास्त दिसतो, त्यातलाही काही भाग याच गणितातून येतो.

सीबीसी बहुतेकांचं झालेलंच असतं. आठवड्याभरातला रिपोर्ट असेल तर हिमॅटोक्रिट कोडमध्ये जाईल, नसेल तर नकाशाच्या खाली "टी-१ गृहीत" असं छापलं जाईल.

१० फेब्रुवारी

पार्शल व्हॉल्यूम. कॉर्टेक्सची जाडी २ ते ४ मिलिमीटर, आमचा व्हॉक्सेल, म्हणजे चित्राचा सगळ्यात छोटा ठोकळा, साडेतीन-चार मिलिमीटरचा. एकाच व्हॉक्सेलमध्ये ग्रे मॅटर, व्हाइट मॅटर, पाणी सगळं येतं. मेंदू आकसलेल्या माणसाचा रक्तप्रवाह त्यामुळे आहे त्यापेक्षा कमी दिसतो. २००८ ची असलानी यांची रिग्रेशनची पद्धत लावली. दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा, दोन्ही आकडे देणार. एकच दिला तर वाचणाऱ्याला कळत नाही की पेशी कमी झाल्या की त्यांचा पुरवठा.

१८ फेब्रुवारी

डीनॉइझिंगचं, म्हणजे नकाशातला नॉईज काढणारं, न्यूरल नेटवर्क तयार झालं. थोड्या जोड्यांचा नकाशा आत, पूर्ण सरासरीचा नकाशा बाहेर, असं शिकवलं. निकाल पहिल्या नजरेला फार सुंदर. सल्कसच्या (मेंदूवरच्या खाचांच्या) कडा उमटल्या, मेंदूच्या आतला थॅलॅमस दोन्हीकडे स्पष्ट, ठिपके गेले. पीएसएनआर, एसएसआयएम ही चित्राच्या दर्जाची दोन्ही मापं वाढली. मॅडम म्हणाल्या, "हे मला वाचता येईल."

मोजमापांवर एवढ्यात भरवसा ठेवणार नाही. कॅरोटिड चिंचोळी असलेल्यांचे स्कॅन शिकवताना मुद्दाम बाहेर ठेवले आहेत. ते उद्या.

१९ फेब्रुवारी

आजची नोंद या प्रकल्पात सगळ्यात महत्त्वाची.

उजवी कॅरोटिड बरीच बंद असलेल्या एका पेशंटचा मूळ नकाशा आणि नेटवर्कचा नकाशा शेजारी लावले. मूळ नकाशात उजवीकडे, मधल्या आणि मागच्या धमनीच्या हद्दीवर, वळणावळणाच्या चकाकत्या रेषा आहेत आणि त्यांच्या पलीकडे काळपट पट्टा. ते रक्त धमनीतच अडकलेलं आहे, चित्र घेतलं तेव्हा पेशींपर्यंत उतरलेलं नाही. आडवाटेने, उशिरा येणाऱ्या पुरवठ्याची ही खूण.

नेटवर्कने चकाकी खाली आणली, काळेपणा वर उचलला आणि दोन्ही एकमेकांत मिसळून मधला, सौम्य केशरी रंग भरला. उजवी बाजू डावीसारखी झाली. ज्या पेशंटला व्हॅस्क्युलर सर्जनकडे पाठवायला हवं, त्याचा नकाशा निरोगी दिसायला लागला.

त्याने शिकवल्याप्रमाणेच केलं. एखाद-दुसऱ्या व्हॉक्सेलमधली तीव्र चकाकी त्याने बहुतेक वेळा नॉईज म्हणूनच पाहिलेली आहे. सरासरी चूक कमी करायला सांगितली की दुर्मीळ गोष्टी पुसल्या जातात, आणि आमच्या कामात पेशंटचं निदान त्या दुर्मीळ गोष्टींतच असतं.

मॅडमना दोन्ही दाखवले. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मूळ नकाशा माझ्यापासून लपवू नकोस. कितीही खराब असला तरी."

ठरलं: नेटवर्कचा नकाशा एकटा पॅक्सवर जाणार नाही. सोबत मूळ आणि दोघांमधला फरक, तीनही एकाच पानावर.

२५ फेब्रुवारी

उशिरा येणारं रक्त आपोआप हेरायला स्पेशियल सीओव्ही कामी येतो. ग्रे मॅटरमधल्या रक्तप्रवाहाचं प्रमाण विचलन भागिले सरासरी, इतकंच. रक्त वेळेवर पोचलं असेल तर नकाशा सपाट, आकडा लहान. धमन्यांत अडकलं असेल तर काही ठिकाणी चकाकी, काही ठिकाणी अंधार, आकडा मोठा. मुत्सार्ट्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की एकाच पीएलडीच्या स्कॅनवरूनही रक्त पोचायला लागणाऱ्या वेळेचा अंदाज यातून येतो. तो मूळ नकाशावरच काढायचा. नेटवर्कनंतर काढला तर नेटवर्कने जे पुसलं तेच मोजायला जाणार.

दोन्ही बाजूंचा वेगवेगळा काढते आहे. एका बाजूचा आकडा दुसरीपेक्षा ठळकपणे वर गेला की पानावर लाल सूचना येते: "रक्त उशिरा पोचत असण्याची शक्यता, आकड्यांवर विसंबू नये." अशा पेशंटला वेळ असेल तर लगेच अनेक पीएलडीचा स्कॅन घ्यायचा. दादा तयार आहेत. तो एफएसएल या सॉफ्टवेअरमधल्या बेसिल या प्रोग्रॅमवर टाकला की प्रवाह आणि पोचण्याची वेळ असे दोन वेगळे नकाशे मिळतात.

४ मार्च

नेटवर्क पुन्हा शिकवलं. या वेळी कॅरोटिडचे पेशंट शिकवणीत घेतले, काही बाहेर ठेवले, आणि मोठ्या फरकावर जास्त दंड लावला. रेषा आता बऱ्याच टिकतात. नकाशा पहिल्याइतका गुळगुळीत नाही. मॅडमना हाच जास्त आवडला. फरकाचा नकाशा तरीही पानावर राहील.

११ मार्च

नवं पान आजपासून पॅक्सवर. वरच्या ओळीत मूळ नकाशा, स्वच्छ केलेला नकाशा, फरक. खाली पीएलडी, लेबलचा कालावधी, एम-शून्यचा वेळ, हिमॅटोक्रिट मोजलेला की गृहीत, चहा-कॉफीची नोंद, दोन्ही बाजूंचा सीओव्ही, लेबलिंगची रेघ दाखवणारं मानेचं छोटं चित्र. हे चित्र पानावर यावं, असा दादांचा आग्रह होता.

दुपारी मॅडमचा पहिला रिपोर्ट आला, त्यातली ओळ: "उजव्या सीमावर्ती भागात रक्त उशिरा पोचत असल्याची चिन्हं, प्रत्यक्ष प्रवाह घटला आहे का हे अनेक पीएलडीच्या स्कॅनवरून ठरवावं." पेशंटला दादांनी त्याच दिवशी पुन्हा आत घेतलं.

पुढची कामं: एकाच माणसाचे, एकाच दिवशी, मध्ये टेबलावरून उठवून घेतलेले दोन स्कॅन, म्हणजे आमच्या आकड्यांत कितीचा फरक निव्वळ मोजणीचा आहे ते कळेल. हिमॅटोक्रिट थेट लॅबच्या सिस्टीममधून ओढायची सोय. लहान मुलांचा प्रोटोकॉल वेगळा बांधायचा. त्यांचा पीएलडी १५०० च राहील.